रस्त्याच्या पलीकडून आपलं दुकान पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या धरमपेठेत वडिलांनी उभं केलेलं साड्या आणि ड्रेस मटेरियलचं दुकान, १२ फूट रुंद, ३० फूट खोल. माल चांगला, जुनी गिऱ्हाइकं टिकून आहेत, पण नवीन माणूस काचेपाशी क्षणभर रेंगाळतो आणि पुढे निघून जातो. इंटीरियरवाल्याने ८ लाखांचा अंदाज दिला आहे. एवढा खर्च केला तर फरक पडेल का?

आत्ता ८ लाख घालू नका. मी २२ वर्षं नागपुरात दुकानांची मांडणी करते आहे. बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, मोठ्या शोरूमपासून सक्करदऱ्याच्या दहा बाय बाराच्या गाळ्यापर्यंत सगळीकडे काम केलंय. व्हिज्युअल मर्चंडायझिंग हे नाव मोठं आहे, पण काम समजायला सोपं आहे. गिऱ्हाइकाच्या नजरेला वाट करून द्यायची, म्हणजे नजरेमागोमाग पाय येतात आणि पायांमागोमाग हात. बहुतेक दुकानांत ही वाट मालानेच अडवलेली असते. म्हणून मी कुठेही गेले की पहिले दोन दिवस फक्त सामान काढायला लावते. मालकांना ते फार जड जातं, हे मला माहीत आहे. तुमच्या वडिलांनाही जाईल. त्यांच्याशी हुज्जत घालू नका, दोनच आठवडे मागून घ्या.

उद्या सकाळी शटर उघडल्यावर रस्ता ओलांडून पलीकडे जा आणि तिथून दुकान पाहा. शक्यतो शेजारच्या कुणाला तरी सोबत न्या, कारण आपल्याच दुकानाची आपल्या डोळ्यांना सवय झालेली असते. साध्या चालीने जाणारा माणूस सेकंदाला सुमारे ४ फूट चालतो. तुमचं दुकान १२ फुटांचं, म्हणजे तुमच्या वाट्याला ३ सेकंद आले. ताशी २५ किलोमीटरने स्कूटीवर जाणारी मुलगी तेवढंच अंतर अर्ध्या सेकंदात पार करते. आता मोजा, त्या ३ सेकंदांत तुम्ही चालणाऱ्याला किती गोष्टी सांगताय? तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला दिसलं ते असं: तीन डमी, दोन्ही बाजूंना हँगरवर लटकलेले सूट, काचेवर चिकटवलेली सेलची पट्टी, गेल्या दिवाळीचा फ्लेक्स, डिजिटल पेमेंटचे चार स्टिकर आणि खाली ब्लाऊजपीसची टोपली. यातलं एकही ३ सेकंदांत मनात उतरत नाही. माणूस रेंगाळतो तो तुमचा माल आवडला म्हणून असेलच असं नाही. कुठे पाहावं हेच त्याला कळत नसेल.

काचेत एकच विषय ठेवा. या आठवड्यात टसर म्हणजे टसरच. दोन डमी, एक उंचीवर, एक थोडी खाली, आणि तिसरी गोष्ट पायाशी, म्हणजे नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिरकी उतरत येते. समान उंचीच्या तीन डमी ओळीने उभ्या केल्या की ती शाळेची रांग वाटते. मागे फिकट रंगाचा साधा पडदा घ्या. फिकट अशासाठी की दिवसा बाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार असला की काचेचा आरसा होतो, त्यात समोरचा रसवंतीवाला दिसतो आणि साडी दिसत नाही. मागची बाजू फिकट असेल आणि साडी काचेच्या जवळ असेल तर हा त्रास बराच कमी होतो. वर दोन-अडीच फुटांची कापडी छपरी घातली तर आणखी कमी होतो.

इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण ती फार जण करतात. कामाच्या तिसऱ्या वर्षी दिवाळीला एका शोरूमची काच माझ्याकडे होती. मी कागदाची कमळं केली, वर पणत्यांच्या माळा सोडल्या, आठ रात्री जागले. लोक थांबायचे, मोबाइलवर फोटो काढायचे, कमळांचं कौतुक करायचे. मधे ठेवलेली पैठणी कुणी विचारलीच नाही. मालक रागावले नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, "ताई, हे लोक काय पाहून राहिले जी?" तो प्रश्न मी अजून प्रत्येक काचेपाशी स्वतःला विचारते. सजावट मालाच्या मागे राहायला हवी. ती पुढे आली की लोक सजावट पाहून घरी जातात.

साडी डमीला नेसवायची कशी, हे मी कुठल्या संस्थेत शिकले नाही. आमच्याकडे महालक्ष्म्या असतात. सांगाड्याला साडी नेसवायची, निऱ्या एकसारख्या घालायच्या, पदर असा सोडायचा की काठ आणि पदरावरचं काम दोन्ही समोरून दिसावं. सगळं झालं की आजी आतून उठून दारात जाऊन उभी राहायची आणि तिथून सांगायची, "ज्येष्ठेचा पदर उतरला, जरा वर घे." दारातून अशासाठी, की हळदीकुंकवाला येणारी बाई पहिल्यांदा दारातूनच पाहणार. तुम्हाला रस्त्याच्या पलीकडे जायला सांगतेय ते याच कारणाने. तुमच्या दुकानात काम करणाऱ्या मुलींना विचारा, कुणाच्या घरी महालक्ष्म्या असतात आणि नेसवायचं काम कोण करतं. जी करते तिच्याकडे काच सोपवा. आणि ज्या दिवशी ती काच लावेल त्या दिवशी तिला गिऱ्हाईक करायला लावू नका.

नेसवताना तीन गोष्टी समोरून दिसल्याच पाहिजेत: काठ, पदर आणि अंगावरची बुट्टी. घडीची आडवी रेघ वाफेच्या इस्त्रीने काढा, ती रेघ दिसली की साडी जुनी वाटते. टाचण्या आतल्या बाजूने लावा. ब्लाऊज शिवलेलाच हवा असं नाही, पण कापड मागे ओढून मारलेली गाठ बाजूने दिसते, तिथे लक्ष द्या. आणि पश्चिमेचं ऊन येत असेल तर एकच रेशमी साडी काचेत पाच-सहा दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात निऱ्यांच्या वरच्या कडा फिकट पडतात आणि ती साडी मग कुणालाच देता येत नाही.

आता आत येऊ. नागपूरच्या ४५ अंशांच्या दुपारी बाहेरून आत आलेल्या बाईला पहिले काही क्षण नीट दिसत नाही, डोळे अजून उन्हातच असतात. तिच्या चेहऱ्यावर स्कार्फ गुंडाळलेला, डोळ्यांवर गॉगल, एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात गाडीची चावी. या अवस्थेत तुम्ही दाराजवळच्या पहिल्या स्टँडवर सगळ्यात चांगला माल लावलात तर तो तिला दिसतच नाही. अमेरिकेतले पॅको अंडरहिल यांनी दुकानांमध्ये तासन्‌तास लोकांच्या हालचाली टिपल्या, त्यांचंही हेच सांगणं आहे की दारातून आत आल्यावरच्या पहिल्या काही फुटांत माणूस फक्त स्थिरावत असतो. आपल्याकडे तर त्याला ऊन आणि स्कार्फची जोड आहे. म्हणून दारापासून पाच-सहा फूट मोकळे सोडा. तिथे एक कट्टा, हेल्मेट ठेवायला खण, एक छोटा आरसा आणि माठातलं पाणी. हेल्मेटचा खण ही मला मांडणीतली फार मोलाची गोष्ट वाटते. हात मोकळे झाल्याशिवाय कापडाला हात लागत नाही, आणि कापडाला हात लागल्याशिवाय साडी विकली जात नाही.

अंडरहिल यांचं आणखी एक निरीक्षण इथे कामाचं आहे. बाई माल पाहायला वाकली आणि मागून कुणाचा धक्का लागला, की ती तिथून निघून जाते, धक्का चुकून लागला असला तरी. १२ फुटांच्या दुकानात एका बाजूला गादी, दुसऱ्या बाजूला कप्पे आणि मधे सूटचा स्टँड ठेवला की चालायला दोन फूटही उरत नाहीत. तो मधला स्टँड काढा. किमान ३ फूट, जमल्यास ४ फूट वाट हवी.

दिव्यांवर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या ८ लाखांतले खरे उपयोगाचे पैसे तेवढेच आहेत. फोटोवरून दिसतं की छताला सगळीकडे पांढरे पॅनल आहेत, बहुधा ६५०० केल्विनचे. केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप आहे. आकडा जितका मोठा, तितका प्रकाश निळसर. त्या उजेडात सोनेरी जर फिकी पडते, मरून रंग तपकिरी दिसतो आणि आरशात पाहणाऱ्या बाईचा चेहरा थकलेला वाटतो. चेहरा थकलेला दिसला की ती साडीलाच नाव ठेवते. जरीच्या आणि रेशमी मालावर ३००० केल्विन, सुती आणि फिकट रंगांवर ४००० केल्विन घ्या. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय असा एक आकडा असतो, रंग किती खरे दिसतात त्याचं ते माप, १०० पैकी. कपड्याच्या दुकानात तो ९० च्या वर हवा. स्वस्त दिव्यात तो ८० च्या आसपास असतो आणि मग दुकानात जुळलेला ब्लाऊजपीस घरी गेल्यावर वेगळाच दिसतो, बाई दुसऱ्या दिवशी परत घेऊन येते, आणि दोष दुकानातल्या मुलाच्या नजरेला दिला जातो.

तुमचे दिवे खरं बोलतात का, हे ओळखायची सोपी खूण आहे. गिऱ्हाईक साडी घेऊन दाराकडे जातं का, "जरा उजेडात पाहतो" म्हणून? दिवसातून असं किती वेळा होतं ते मोजा. वारंवार होत असेल तर गिऱ्हाइकाचा तुमच्या उजेडावर विश्वास नाही.

सगळं दुकान एकसारखं उजळवलं तर काहीच उठून दिसत नाही. आजूबाजूच्या तीनपट उजेड जिथे नजर जायला हवी तिथेच टाका: काचेतली डमी, मागच्या भिंतीवरची एक साडी, आणि आरशापाशी. ट्रॅक लाइट, म्हणजे छतावरच्या पट्टीवर बसवलेले फिरवता येणारे दिवे, सरळ डोक्यावरून खाली मारू नका, सुमारे ३० अंश तिरका धरा, नाहीतर निऱ्यांच्या सावल्या काळ्या पडतात. आणि गादीवर बसलेल्या बाईच्या डोळ्यांत तो जात नाही ना, हे स्वतः तिच्या जागी बसून पाहा. मागच्या भिंतीवरची ती एक उजळलेली साडी विसरू नका. ३० फूट खोल दुकानात माणूस दहा फुटांवरून परत फिरतो, कारण पुढे काही आहे असं त्याला वाटतच नाही.

कप्प्यांचं थोडक्यात. आपल्याकडच्या बाईची नजर जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर असते. अडीच ते पाच फुटांची पट्टी ही तुमची मोक्याची जागा, तिथे या आठवड्याचा माल. गुडघ्याखाली साठा, सहा फुटांच्या वर फक्त दाखवायला. आधी प्रकार, मग त्या प्रकारात फिकट ते गडद असे रंग लावा. नुसत्या थप्प्यांमध्ये साडीची फक्त कड दिसते, म्हणून प्रत्येक कप्प्यासमोर एक साडी उलगडून सोडा. किमतीची चिठ्ठी बाहेरून दिसू द्या. "हात लावला तर घ्यावं लागेल" ही भीती धरमपेठेतल्या शिकल्या-सवरल्या बायकांनाही असते, आणि चिठ्ठी ती भीती काढते.

गादीवरचं मात्र नीट ऐका, कारण याला कुणी मांडणी समजतच नाही. तुमचा जुना माणूस बाईसमोर साड्या उलगडत जातो, पंधरा, वीस, तीस. आठव्या साडीला तिचे डोळे चमकले होते, ते त्याने पाहिलं नाही, तिच्यावर आणखी बावीस पडल्या. मग बाई म्हणते, "पुन्हा येतो जी," आणि उठते. तिला निवडता आलं नाही, कारण जी आवडली ती ढिगाऱ्याखाली गेली. त्याला सांगा, समोर एका वेळी तीनच साड्या. चौथी उघडायची असेल तर तिघींतली एक घडी करून बाजूला. आवडलेली उजव्या हाताला वेगळी, पदर वर, आणि ती शेवटपर्यंत झाकली जाता कामा नये. गादीवर पांढरी चादर आहे ती काढून फिकट राखाडी घाला. पांढऱ्यावर ऑफव्हाइट आणि क्रीम रंग मळकट दिसतात. एवढ्या बदलाला खर्च जवळपास शून्य आहे आणि मी पाहिलेल्या दुकानांत सगळ्यात लवकर याचाच फरक दिसला.

इतवारी-गांधीबागेच्या घाऊक बाजारात हेच सगळं मी सांगणार नाही. तिथे ओट्यावर ताग्यांचा ढीग हवाच, कारण ढीग म्हणजे भाव कमी, माल भरपूर, असं गिऱ्हाईक वाचतं. २००१ मध्ये बिग बाजार सुरू करणारे किशोर बियाणी हे अशी मुद्दाम केलेली दाटी उघडपणे मांडत असत, आपल्या माणसाला चकचकीत मोकळं दुकान महाग वाटतं म्हणून. ते खरंच आहे. मोकळी जागा किंमत सांगते. तुमच्याकडे टसर आणि हातमाग असेल तर मोकळीक द्या, आणि चारशे-पाचशेच्या रोजच्या साड्या मागे टोपलीत भरून ठेवा. दोन्ही एकाच भिंतीवर लावलं की महाग माल स्वस्त वाटतो आणि स्वस्त माल महाग.

टसरचा विषय निघालाच आहे. विदर्भाची करवतकाठी साडी तुम्ही ठेवता असं लिहिलंय. करवतीच्या दात्यांसारखी किनार, आपल्याच भागातलं कोसा म्हणजे टसर रेशीम, आणि ती तुमच्या तिसऱ्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत झोपली आहे. ती काचेत आणा. पायाशी पितळी ताटलीत आठ-दहा कोसे ठेवा, रेशीम ज्यातून निघतं ते. आतल्या कट्ट्यावरही दोन ठेवा, हातात घेता येतील असे. मुलं ते उचलतात, कानाशी हलवतात, आई विचारते हे काय आहे, आणि तुमच्या माणसाला बोलायला विषय मिळतो. गेल्या वर्षी एका दुकानात हे केलं तेव्हा मालक स्वतः गिऱ्हाइकांना किनारीवर बोट फिरवून दाते दाखवायला लागले. पंचवीस वर्षं तो माल विकत असूनही त्यांनी तसं आधी कधी केलं नव्हतं.

काच दर पंधरा दिवसांनी बदला आणि कॅलेंडर नागपूरचं धरा. मुंबईच्या ब्रँडचे पोस्टर त्यांच्या कॅलेंडरने येतात. आपल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा शिक्षिकांच्या सुती साड्या जूनच्या तिसऱ्या आठवड्यात काचेत हव्यात. तान्ह्या पोळ्याला एक लाकडी बैल पायाशी ठेवला तरी सगळं नागपूर ओळखतं. महालक्ष्म्यांच्या आधी तीन आठवडे जोडीने दोन सारख्या साड्या लावा, कारण घरोघरी दोन लागतात आणि बाई दोन सारख्या शोधत फिरत असते. संक्रांतीला काळी. दसऱ्याला देशभरातून लोक दीक्षाभूमीवर येतात, १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेची आठवण म्हणून, आणि पांढरे कपडे घेतात. दीक्षाभूमी तुमच्यापासून लांब नाही. पांढऱ्या साड्या आणि कुर्ते दर्शनी ठेवा, भाव नेहमीचा ठेवा. बाबासाहेबांची तसबीर मात्र विक्रीची सजावट म्हणून काचेत मांडू नका. ठेवायची तर आदराने आत, जिथे तुमची रोजची पूजा असते तिथे.

आणखी एक गोष्ट उन्हाळ्यासाठी. एप्रिल-मेमध्ये आपलं गाव रात्रीच बाहेर पडतं, जेवणानंतर लोक आइस्क्रीमला धरमपेठेत येतात आणि तुमचं शटर साडेनऊला खाली असतं. लंडनला सेल्फ्रिज यांनी १९०९ मध्ये दुकान उघडलं तेव्हा ते बंद झाल्यावरही काचेतले दिवे चालू ठेवत. तुम्ही काचेपुरतं जाळीचं शटर बसवा आणि टायमर लावून ११ वाजेपर्यंत दोन दिवे चालू ठेवा. पाटीवरचं नावही तेव्हा वाचता यायला हवं. दर १० फुटांना अक्षराची उंची १ इंच असा ठोकताळा आहे, म्हणजे ४० फुटांवरच्या पलीकडच्या फुटपाथसाठी ४ इंच. तुमच्या पाटीवर प्रोप्रायटरचं नाव, फोन आणि देवाचं चित्र मिळून दुकानाचं नाव दबलंय.

हे सगळं करण्याआधी आणि केल्यानंतर मोजा. एक वही, तीन रकाने: किती लोक समोरून गेले, किती आत आले, किती बिलं झाली. संध्याकाळी ६ ते ८, एक मंगळवार आणि एक शनिवार, बदलाआधी दोन आठवडे आणि बदलानंतर दोन आठवडे. सण मधे येणार नाही असे आठवडे निवडा. समोरून जाणारे तेवढेच आणि आत येणारे वाढले, तर काच काम करतेय. आत येणारे वाढले पण बिलं तेवढीच राहिली, तर अडचण दिव्यांत, भावात किंवा गादीवर आहे. मग काचेवर आणखी पैसे घालण्यात अर्थ नाही.

दिवे, जाळीचं शटर, छपरी, हेल्मेटचा कट्टा आणि नवी पाटी, एवढंच आधी करा. ८ लाखांच्या अंदाजातलं खोटं छत, भिंतीवरचं लॅमिनेट आणि काचेचा काऊंटर बाजूला ठेवा. काचेचा काऊंटर तर घेऊच नका, तो गिऱ्हाईक आणि कापडाच्या मधे येतो. वहीचे चार आठवड्यांचे आकडे झाले की ते आणि इंटीरियरवाल्याचा नकाशा दोन्ही मला पाठवा. मागच्या दहा फुटांत ट्रायलरूम कुठे घ्यायची ते तेव्हा ठरवू, आकडे पाहिल्याशिवाय मला ते आज सांगता येणार नाही.